वाटचालीची शिदोरी : पायी चालताना शरीर इंधन कसे वापरते

आषाढी वारीची वाट चालण्याचे बळ भाविकांना श्रद्धेतून मिळते. परंतु ज्या देहाने ही वाट चालावयाची, त्या देहाचेही काही नियम आहेत. श्रीक्षेत्र आळंदी येथून श्री संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीस होते आणि आषाढ शुद्ध दशमीस पालखी पंढरपुरी पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाटचाल अठरा-वीस दिवस चालते. एखाद्या दिवशी दहा-बारा किलोमीटर, तर एखाद्या दिवशी तीस किलोमीटर चालावे लागते. वर्षभर शेतात राबणारा शेतकरी आणि वर्षभर कचेरीत बसणारा नोकरदार एकाच दिंडीत चालतात. दोघांचीही शरीरे इंधन वापरतात ती मात्र एकाच रीतीने.

वाटेत एखाद्या यात्रेकरूच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय कापू लागतात, पाऊल उचलेनासे होते. यामागे दर वेळी मोठा आजारच असतो असे नाही. पुष्कळदा इंधनाचा हिशेब चुकलेला असतो. हा हिशेब समजला तर वारी सुखरूप होते आणि वाटेवर अन्नदान करणाऱ्या दात्यांनाही कोणत्या वेळी काय द्यावे हे कळते. म्हणून येथे त्याची माहिती दिली आहे.

स्नायूंचे चलन

आपण भात, भाकरी, डाळ, तेल, गूळ असे अनेक पदार्थ खातो. परंतु पायाच्या स्नायूला यांपैकी कोणताही पदार्थ थेट वापरता येत नाही. बाजारात ज्याप्रमाणे सर्व व्यवहार एकाच चलनात होतात, त्याप्रमाणे पेशींतील बहुतेक सर्व कामे ‘एटीपी’ नावाच्या एका रेणूच्या बळावर होतात. हा रेणू १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी शोधला. त्याच वर्षी अमेरिकेत सायरस फिस्क आणि भारताचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले सुब्बाराव त्या वेळी हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करीत होते. त्याआधी दोनच वर्षे, म्हणजे १९२७ मध्ये, याच जोडीने स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन या ऊर्जा राखून ठेवणाऱ्या द्रव्याचा शोध जाहीर केला होता.

शरीरात एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. जोराच्या कामात तो काही सेकंदच पुरेल. म्हणून तो खर्च होताच पुन्हा घडवावा लागतो. चालणाऱ्या माणसाच्या शरीरात हे काम अखंड सुरू असते आणि त्यासाठी लागणारे इंधन मुख्यतः दोन ठिकाणांहून येते.

शिदोरी आणि कणगी

वारकऱ्याच्या पिशवीत त्या दिवसाची शिदोरी असते आणि घरी धान्याने भरलेली कणगी असते. शिदोरी थोडी असली तरी हाताशी असते. कणगीत धान्य भरपूर असले तरी ते दळून, भाजून तोंडापर्यंत येण्यास वेळ लागतो. शरीरातही असेच दोन साठे आहेत.

शिदोरी म्हणजे ग्लायकोजेन. भात, भाकरी, पोळी, साबुदाणा, फळे, गूळ यांतील पिष्ट व साखर पचून ग्लुकोज बनते आणि ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठवले जाते. यकृतातील हे द्रव्य १८५७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी वेगळे करून दाखविले. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. एका ग्रॅमपासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, म्हणजे ही सगळी शिदोरी दोन हजार कॅलरींच्या आसपास भरते.

कणगी म्हणजे मेद. एका ग्रॅम मेदापासून सुमारे ९ कॅलरी मिळतात. सडपातळ माणसाच्या अंगावरही आठ-दहा किलो मेद असतो आणि दहा किलो मेदोतीत पाऊण लाखाहून अधिक कॅलरी साठलेल्या असतात. साठ किलो वजनाच्या माणसास सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर चालण्यास साधारण ८०० ते १००० कॅलरी लागतात. या हिशेबाने आळंदी ते पंढरपूर या संपूर्ण वाटचालीस दहा ते साडेबारा हजार कॅलरी पुरतात. डोईवरचे ओझे व घाटाचा चढ धरला तर थोड्या अधिक लागतील. याचा अर्थ असा की, मेदाची कणगी वारीत रिकामी होण्याचा प्रश्नच येत नाही. उणी पडते ती शिदोरी, आणि वाटेवर जपावयाची तीही शिदोरीच.

या शिदोरीचेही दोन भाग आहेत. स्नायूतील ग्लायकोजेन त्याच स्नायूच्या कामी येते. ते ग्लुकोजच्या रूपाने रक्तात परत सोडण्याची सोय स्नायूत नसते. रक्तातील साखर टिकवून धरण्याचे काम मुख्यतः यकृताचे आहे. संपूर्ण रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखर असते. एकट्या मेंदूला मात्र दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. रात्री झोपेतही मेंदूचा हा खर्च चालू असतो. त्यामुळे पहाटे उठेपर्यंत यकृतातील साठ्याचा बराचसा भाग संपलेला असतो. पहाटे काही न खाता दिंडीत पाऊल टाकणारा यात्रेकरू अर्धी शिदोरी घेऊनच निघालेला असतो, हे ध्यानात घ्यावे.

गती वाढते तसे इंधन बदलते

शरीर दोन्ही इंधने एकाच वेळी वापरते, परंतु त्यांचे प्रमाण चालण्याच्या जोरावर ठरते. संथ चालीत निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा मेदापासून मिळू शकते. मेद पेशीतून सुटणे, रक्तावाटे स्नायूपर्यंत जाणे आणि तेथे प्राणवायूच्या साहाय्याने जळणे ही क्रिया सावकाश होते. म्हणून चाल वाढली, चढ लागला किंवा ओझे वाढले की शरीर ग्लायकोजेनकडे वळते. तेवढ्याच प्राणवायूत ग्लुकोजपासून मेदापेक्षा थोडी अधिक ऊर्जा मिळते, हेही त्याचे एक कारण आहे.

आपण कोणत्या इंधनावर अधिक चाललो आहोत हे ओळखण्यास यंत्राची गरज नाही. दिंडीत चालताना अभंग सहज म्हणता येत असेल तर चाल हलकी आहे. बोलता येते, पण गाताना दम तुटतो, तर चाल मध्यम आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागत असेल तर चाल जोराची आहे आणि शिदोरी झपाट्याने खर्च होत आहे. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर भजन करीत चालणारी दिंडी सहसा संथ गतीनेच जाते. मागे पडल्यामुळे धावतपळत दिंडी गाठणारा यात्रेकरू मात्र थोड्याच वेळात पुष्कळ ग्लायकोजेन खर्च करून बसतो. थोडे आधी निघावे, पण धावू नये.

सवयीचाही येथे मोठा वाटा आहे. काही आठवडे नित्य चालण्याचा सराव केल्यास स्नायूपेशींतील ऊर्जा घडविणारी केंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, संख्येने व सामर्थ्याने वाढतात. १९६७ मध्ये अमेरिकन संशोधक जॉन हॉलोझी यांनी उंदरांना पळण्याचा सराव देऊन हे दाखविले. सरावलेला स्नायू त्याच गतीने चालताना मेद अधिक वापरतो आणि ग्लायकोजेन राखून ठेवतो. म्हणून बैठे काम करणाऱ्यांनी वारीपूर्वी सहा ते आठ आठवडे चालण्याचा सराव सुरू करून अंतर हळूहळू वाढवावे.

शिदोरी संपते तेव्हा

ग्लायकोजेन उणे पडल्यावर काय होते, हे सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मॅरेथॉन शर्यतीत दिसून आले. १९२४ मध्ये तेथील डॉक्टरांनी शर्यत संपविलेल्या धावपटूंचे रक्त तपासले. काहींच्या रक्तातील साखर फार खाली गेली होती आणि तेच धावपटू गळून गेलेले, फिकट पडलेले व गोंधळलेले दिसत होते. पुढील वर्षी त्यांतील काहींना शर्यतीपूर्वी पिष्टमय आहार आणि धावताना साखरेच्या गोळ्या देण्यात आल्या. तेव्हा त्यांची साखर टिकली आणि प्रकृतीही चांगली राहिली. मूठभर गोळ्यांनी एवढा फरक पडावा, याचे कारण रक्तातील साखरेचा साठाच चमचाभर असतो, हे होय.

चालणारा यात्रेकरू धावपटूइतक्या वेगाने जात नाही, म्हणून त्याची शिदोरी अधिक वेळ पुरते. परंतु त्याचे चालणे एका दिवसात संपत नाही. वीस किलोमीटरसाठी लागणाऱ्या ९०० कॅलरींपैकी निम्म्या जरी ग्लुकोजपासून आल्या, तरी ११० ग्रॅमहून अधिक ग्लुकोज खर्च होते. त्यात मेंदूचे १२० ग्रॅम मिळविल्यास दिवसाची गरज किमान २३० ग्रॅमच्या घरात जाते. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम पिष्ट असते, म्हणजे दिवसाकाठी सहा-सात भाकरींइतके पिष्ट तरी पोटात जावयास हवे. भाकरी कमी खाल्ली तर भात, पोहे, फळे व गूळ यांनी भरपाई करावी. रोज थोडी थोडी तूट राहिली तर ती साठत जाते आणि आठव्या-दहाव्या दिवशी पाय जड होतात. यात्रेकरूस वाटते की शरीर थकले. वस्तुतः स्नायूंतील डबा आदल्या कित्येक रात्री पूर्ण भरलेलाच नसतो.

रात्रीच्या जेवणाचे महत्त्व

हा डबा केव्हा व कसा भरतो, हे स्वीडनमधील योनास बेर्गस्ट्रॉम व एरिक हुल्टमन या दोन वैद्यकीय संशोधकांनी १९६६ मध्ये स्वतःच्या शरीरांवर प्रयोग करून दाखविले. दोघांनी एका व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकी एकाच पायाने, पाय पार थकेपर्यंत पॅडल मारले. दुसऱ्या पायास विश्रांती दिली. नंतर सुईने मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले असता थकलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले आढळले, तर विसावलेल्या पायात ते जसेच्या तसे होते. पुढे तीन दिवस दोघांनी पिष्टमय आहार घेतला. तेव्हा ज्या पायाने श्रम केले होते, त्यात विसावलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट ग्लायकोजेन साठले.

वारकऱ्यासाठी या प्रयोगाचा बोध सरळ आहे. श्रमलेला स्नायू अन्नाची वाट पाहत असतो आणि वेळेवर अन्न मिळाले तर पूर्वीपेक्षा मोठा साठा करतो. चालणे थांबल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत ही भरती सर्वांत वेगाने होते. डबा पूर्ण भरण्यास मात्र साधारण एक दिवस लागतो. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर पाय धुऊन आडवे होण्यापूर्वी केळे, चिक्की, पोहे, भात असे काहीतरी खावे आणि रात्रीचे जेवण थकव्यामुळे टाळू नये. उद्याचा पल्ला मोठ्या प्रमाणात आजच्या पंगतीवर चालावयाचा असतो. भात किंवा भाकरीसोबत वरण, उसळ, पिठले असावे, कारण दिवसभर झिजलेल्या स्नायूंच्या दुरुस्तीस प्रथिने लागतात.

एकादशीची वाट

पालखी सोहळ्यातील पुणे ते सासवड हा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा सर्वांत कष्टाचा मानला जातो. याच टप्प्यात दिवे घाटाचा चढ लागतो आणि हा दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. सर्वांत लांबचा पल्ला, घाटाचा चढ आणि उपवास हे तिन्ही एका दिवशी येतात. शिदोरीची खरी परीक्षा याच दिवशी होते.

निरोगी माणूस एका दिवसाच्या उपवासाने खचत नाही. यकृतातील साठा उतरू लागला की शरीर मेद अधिक वापरू लागते आणि यकृत इतर द्रव्यांपासून थोडे ग्लुकोज नव्याने घडवू लागते. परंतु हे नवे ग्लुकोज चढाच्या वेळची मोठी मागणी पुरी करू शकत नाही. म्हणून या दिवसाची तयारी दशमीलाच करावी. दशमीस एकभुक्त राहणाऱ्यांनी ते एक जेवण भात, भाकरी, वरण यांनी परिपूर्ण घ्यावे. पुण्यात बहुधा दोन मुक्काम असतात. त्या विसाव्याचा उपयोग खरेदीसाठी वणवण फिरण्यापेक्षा विश्रांतीसाठी करावा.

फराळ करणाऱ्यांची अडचण कमी आहे. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टाचा पदार्थ आहे आणि रताळे, बटाटा, केळे, खजूर, राजगिरा यांतूनही पिष्ट व साखर मिळते. शेंगदाण्यात मेद व प्रथिने भरपूर असतात, पण ते सावकाश पचतात. त्यामुळे घाट चढण्याच्या तोंडावर तेलकट खिचडी पोटभर खाणे टाळावे. पहाटे थोडी खिचडी किंवा उकडलेले रताळे, नंतर दर तासा-दीड तासाने एखादे केळे, दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू, असा क्रम ठेवावा. एका मध्यम केळ्यातून २० ते २५ ग्रॅम पिष्ट व साखर मिळते. चालणाऱ्या माणसास तेवढ्या वेळेपुरता तो चांगला आधार होतो.

निर्जळ किंवा निराहार व्रत करणाऱ्यांनी आपले वय, प्रकृती व औषधे यांचा विचार करून वैद्यकीय सल्ल्यानेच या टप्प्यात चालावे. घाट संथ गतीने, सावलीत थांबत चढावा. द्वादशीस पारणे फेडताना पुरेसे जेवावे. सासवडलाही बहुधा दोन मुक्काम असतात. रिकामा झालेला डबा भरण्यास हा काळ उपयोगी पडतो.

मधुमेही यात्रेकरूंसाठी

मधुमेह असलेल्यांनी पायी वारी करू नये असे नाही. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना अधिक सावध राहावे लागते. निरोगी माणसाचे शरीर चालताना इन्सुलिन आपोआप कमी करते. टोचून घेतलेले इन्सुलिन तसे कमी होत नाही. त्यात चालणाऱ्या स्नायूंची ग्लुकोज ओढून घेण्याची क्षमता वाढलेली असते आणि हा परिणाम मुक्कामी पोहोचल्यावरही काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. त्यामुळे साखर रात्री झोपेतही उतरू शकते. औषधाची मात्रा किती बदलावी, उपवासाच्या दिवशी कोणती गोळी थांबवावी, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे.

घाम सुटणे, थरथर, धडधड, एकाएकी कडकडून भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ताबडतोब थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी आणि नंतर काही खावे. उपवास असला तरी येथे विलंब करू नये. व्रत पुन्हा करता येते. यात्रेकरू बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्यास कुशीवर वळवावे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्तीने दिंडीतील दोन सोबत्यांना आपल्या आजाराची कल्पना देऊन ठेवावी.

अन्नदान करणाऱ्या दात्यांसाठी

वाटेवरील अन्नदान हे यात्रेकरूंच्या शिदोरीत भर घालण्याचे काम आहे. ते वेळ पाहून केल्यास अधिक उपयोगी पडते. पहाटे पोहे, उपमा, चहासोबत बिस्किटे किंवा केळी द्यावीत, म्हणजे रात्रभरात उतरलेला यकृताचा साठा भरून निघतो. चालत्या वाटेवर हातात घेऊन खाता येतील असे सुटसुटीत पदार्थ द्यावेत. केळी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिरा लाडू यांसाठी यात्रेकरूस थांबावे लागत नाही. तळलेली भजी, वडे चालताना जड पडतात. दुपारच्या विसाव्याला माफक आणि सायंकाळी मुक्कामी भरपेट, पिष्ट व प्रथिने दोन्ही असलेले जेवण द्यावे. एकादशीच्या दिवशी केळी, रताळी व खजूर यांचा पुरवठा घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावरही असावा.

पाण्याबरोबर मिठाचाही विचार करावा. घामावाटे पाणी व मीठ दोन्ही जातात. नुसते पाणी अतोनात पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून डोकेदुखी, मळमळ, गुंगी येऊ शकते. तहानेप्रमाणे पाणी प्यावे आणि अधूनमधून मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घ्यावे. जुलाब होत असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून केलेले पाणी घोट घोट द्यावे. आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते, म्हणून हे साधे मिश्रण गुणकारी ठरते.

ध्यानात ठेवावे

१. पहाटे उपाशीपोटी निघू नये. थोडे तरी खावे.
२. गाता किंवा बोलता येईल एवढ्याच गतीने चालावे. चढावर गती कमी करावी.
३. दर तासा-दीड तासाने थोडे खावे. भुकेने व्याकूळ होईपर्यंत थांबू नये.
४. मुक्कामी पोहोचताच काही खावे आणि रात्रीचे जेवण टाळू नये.
५. एकादशीच्या लांब टप्प्याची तयारी दशमीच्या जेवणाने करावी.
६. मधुमेही, गर्भवती, वृद्ध व हृदयरोगी यात्रेकरूंनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
७. खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा नेहमी असावा. आपल्याला न लागल्यास तो शेजारच्या यात्रेकरूच्या उपयोगी पडेल.

देहाची शिदोरी लहान आहे, परंतु ती रोज भरता येते. ती वेळेवर भरणारा यात्रेकरू वाळवंटी पोहोचेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालतो आणि चंद्रभागेचे दर्शन घेताना त्याच्या चित्ताला थकव्याचा अडथळा राहत नाही.